मे महिन्यातली जमीन

कोकणातली जमीन पाहायला लोक बहुधा ऑगस्टात येतात. गणपतीच्या आधी एखाद्या शनिवारी गाडी काढायची, घाट उतरायचा आणि संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या आतल्या एखाद्या वाडीत एजंट दाखवेल तो उतार पाहायचा. पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, खळाळत असतो, खाचरात भात पोटरीला आलेले असते, माथ्यावरच्या कातळसड्यावर तेरड्याचा गुलाबी गालिचा पसरलेला असतो. विसार देण्याचा निर्णय त्याच संध्याकाळी होतो. जमीन ऑगस्टात खोटे बोलत नाही. फक्त तिचे निम्मेच बोलणे ऐकू येते. उरलेले निम्मे मे महिन्यात कळते. पऱ्याच्या जागी तेव्हा गोटे असतात, गवत जळून काळा कातळ उघडा पडलेला असतो आणि वाडीतल्या बाया हंडा घेऊन कुठल्या वाटेने कुठे जातात हे स्पष्ट दिसते. आतल्या गावात जमीन घ्यायची इच्छा मला अगदी सच्ची वाटते. म्हणूनच ती पुरी करताना पहिली फेरी मेमध्ये मारावी, असे मी आग्रहाने म्हणेन.

ही ओढ केवळ स्वस्त दराची नाही. समुद्रकिनाऱ्याचे भाव शहरी झाले, म्हणून लोक खाडीच्या वर, सह्याद्रीच्या पायथ्याकडे वळले, हे खरे आहे. पण त्यामागे दुसरेही काही आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत घटली. रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या किंचित खाली. महाराष्ट्र वाढत असताना हे दोन जिल्हे आकसत होते. वाडीत दहा घरे असली तर चारांना कुलूप असते. ते मे महिन्यात, गणपतीत आणि शिमग्यात निघते. त्या रिकाम्या ओट्यांकडे पाहताना शहरातल्या माणसाला वाटते, इथे आपल्यासाठी जागा आहे. जागा आहेही. मात्र ती रिकामी नसते. कुलूप लावलेल्या घराचे मालक मुंबईला, विरारला, डोंबिवलीला असतात आणि जमिनीवरचा त्यांचा हक्क त्यांच्याबरोबर गेलेला नसतो.

आधी जमिनीकडे पाहू, कागदाकडे मग. या भागातला एक उतार वरून खाली वाचायचा असतो. माथ्यावर सडा, म्हणजे जांभ्या कातळाचे सपाट पठार. त्याखाली वरकस, जिथे पूर्वी नाचणी-वरी पिकायची आणि आता काजू किंवा रान असते. मध्यावर, जिथे उतार थोडा थांबतो, तिथे घरे. सगळ्यात खाली पऱ्याच्या काठाने भाताची खाचरे. जुन्या लोकांनी घरे मध्यावर बांधली ती पाण्यामुळे. जांभा सच्छिद्र दगड आहे. पावसाळ्यात तो पाणी पितो, ते पाणी त्याच्या तळाशी असलेल्या चिकणमातीच्या थरावर अडते आणि जिथे तो थर उताराला उघडा पडतो तिथे झरा म्हणून बाहेर येते. वाडीचा पाणवठा, देवळाजवळची बाव, रहाटाची विहीर या सगळ्या बहुतेक त्या एका रेषेवर सापडतील.

त्यामुळे सडा ही पडीक जागा नव्हे, ती खालच्या वाडीची पाण्याची टाकी आहे. सातबाऱ्यावर तिच्यापुढे पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, असे लिहिलेले असते, आकार, म्हणजे शेतसारा, काही पैशांत असतो, म्हणून ती सर्वांत स्वस्त विकली जाते. घेणारा तिथे जेसीबी लावून सपाटी करतो, नाहीतर चिरेखाणीला देतो. मग दोन-तीन वर्षांत खालचा झरा एप्रिलऐवजी फेब्रुवारीत आटतो आणि भांडण सुरू होते. याच सड्यांवर रत्नागिरी, राजापूर भागात कातळशिल्पे कोरलेली आहेत. उक्षी, देवीहसोळ, कशेळी, बारसू ही त्यांतली काही ठिकाणे. कोकणातली कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. सडा विकत घेताना कातळावरची माती झाडून, तिरप्या उन्हात, सकाळी लवकर किंवा दिवस मावळताना एकदा पाहावे. रेषा दिसल्या तर यंत्र लावायचे नाही, हे तिथेच ठरवून टाकावे.

पाण्याची परीक्षा अंदाजावर सोडू नये. जमिनीत किंवा शेजारी विहीर असेल तर एप्रिलच्या अखेरीस पंप लावून ती पाणी तळाला जाईपर्यंत उपसावी. मग काठीवर खुणा करून दर तासाला पाणी किती वर येते ते लिहून ठेवावे. दहा फूट व्यासाच्या गोल विहिरीत पाणी एक फूट चढले म्हणजे साधारण २,२०० लिटर आले. बारा तासांत फूटभर चढत असेल तर चार माणसांचे घर आणि पन्नासेक लहान कलमे निभतात. चार बोटेच चढत असेल तर घर निभेल, बाग नाही. विहीर भरलेली दिसते म्हणजे पाणी आहे असे नाही. कित्येक विहिरी नुसत्या हौद असतात, पावसाने भरतात आणि एकदा उपसल्या की जूनपर्यंत तशाच राहतात.

बोअर मारू, असे बोलून पाण्याचा विषय संपवणारे बरेच भेटतात. जांभ्याखाली काळा बेसाल्ट असतो आणि त्यातले पाणी भेगांमध्ये असते. भेग लागली तर नशीब, नाही लागली तर तीनशे फुटांचा कोरडा धुरळा. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी आहे म्हणून तुमच्या बोअरला लागेल, ही खात्री या खडकात नाही. शिवाय सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर वा बोअर घेण्यावर कायद्याचे बंधन आहे आणि वाडीची नळपाणी योजना बहुधा त्याच अंतरात असते. पावसाचे पाणी साठवण्याचा हिशेब मात्र इथे सुखावणारा आहे. हजार चौरस फुटांच्या छपरावर तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला की पावणेतीन लाख लिटरच्या आसपास पाणी पडते. सांडून-गळूनही दोन-सव्वादोन लाख हाती लागते. डिसेंबर ते मे रोज पाचशे लिटर लागले तर गरज नव्वद हजारांची. म्हणजे प्रश्न पावसाचा नसून टाकीचा असतो. घराच्या जोत्याचा खर्च मांडताना टाकीचा खर्च त्याच कागदावर मांडावा.

आता सातबारा. ऑनलाइन डिजिटल स्वाक्षरीचा उतारा पंधरा रुपयांत मिळतो, त्यामुळे तो सगळेच काढतात. वाचतात फार थोडे. कोकणातल्या सातबाऱ्याचा खरा प्रश्न नावांचा आहे. एक साधे गणित करून पाहा. आजोबांच्या नावावर १ हेक्टर २० आर जमीन होती. त्यांना चार मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला तीन वारस, म्हणजे अठरा. त्या प्रत्येकाला दोन, म्हणजे छत्तीस. १२० आर भागिले छत्तीस: एकेकाच्या वाट्याला सव्वातीन आरच्या थोडे वर. ही तिसऱ्या पिढीची गोष्ट झाली. बऱ्याच ठिकाणी सातबारा अजून पणजोबांच्या नावावर असतो. अशा जमिनीत ‘माझा हिस्सा विकतो’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो. सहहिस्सेदाराला आपला अविभक्त हिस्सा विकता येतो. पण घेणाऱ्याला मिळतो तो केवळ हिस्सा. कुठला कोपरा, कुठले झाड, विहिरीच्या कुठल्या बाजूची जमीन, हे काहीच ठरलेले नसते. ते ठरवायला वाटप करावे लागते. त्याला सगळ्यांची संमती हवी, नाहीतर दिवाणी दावा. शिवाय जवळच्या वारसांना तो हिस्सा आधी विकत घेण्याचा हक्क हिंदू वारसा कायद्यात आहे आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

यात एक बारीक खूण नेहमी नजरेतून सुटते. सातबाऱ्यावर नावापुढे ‘ए.कु.पु.’ किंवा ‘ए.कु.मॅ.’ असे लिहिलेले असेल, तर तो एकटा मालक नव्हे. तो एकत्र कुटुंबाचा पुढारी म्हणून नोंदलेला आहे आणि त्याच्यामागे न लिहिलेले भाऊ-बहीण उभे आहेत. दुसरी खूण बहिणींची. जुन्या वारसनोंदीत फक्त मुलग्यांची नावे लावलेली दिसली तर थांबावे. मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीतला हक्क २००५ च्या दुरुस्तीने जन्मतः मानला गेला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरचे उरलेसुरले संशयही मिटवले. ‘बहिणींनी तोंडी सोडलंय’ या वाक्याला व्यवहारात किंमत शून्य. हक्कसोडपत्र लागते आणि ते नोंदणीकृत लागते. मुंबईतल्या हिस्सेदारांनी गावातल्या एकाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असते, त्यातही तेच. देणारा हयात आहे का, हे आधी विचारावे, कारण साधे मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. गावात हे सगळ्यांना माहीत असते, कागदावर कुठेच नसते.

म्हणून उताऱ्यावर थांबून चालत नाही. सातबाऱ्यावर नावांच्या शेजारी वर्तुळात जे फेरफार क्रमांक, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदींचे क्रमांक, असतात, ते सगळे एकेक करून काढावेत. जुने, मोडीत किंवा अर्धवट फाटलेले तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात सापडतात. जमीन वारशाने आली, खरेदीने आली की कूळकायद्याने, हे फेरफारच सांगतो. कूळकायद्याने आली असेल तर भोगवटादार वर्ग २ असतो किंवा ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असतो, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकण्यावर बंधन असते. कुळाने खरेदी केल्याला दहा वर्षे झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून हे बंधन सुटते. आकार काही रुपयांचाच असल्यामुळे ही रक्कम किरकोळ असते. तरी ती विकणाऱ्याने आधी भरून शेरा कमी करून घ्यावा आणि मगच पुढे जावे. उलट ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव दिसले, तर ती जमीन रिकामी समजू नये. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणारा तो मालक, हा त्या कायद्याचा गाभा आहे आणि तो दावा नातवंडांपर्यंत जिवंत राहू शकतो.

इतर हक्कात आणखी दोन शब्द शोधावेत: ‘खाजगी वने’ आणि, सिंधुदुर्गात विशेषतः, ‘वनसंज्ञा’. १९७५ च्या खाजगी वन संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी पुष्कळ खाजगी राने शासनाकडे गेली आणि त्यांपैकी काहींच्या नोंदी अजून वादात आहेत. असा शेरा असलेल्या जमिनीवर झाड तोडणे, पायवाट रुंदावणे, घर बांधणे, सगळेच अडते. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा प्रश्न वेगळा. आंबोली, गेळे, चौकुळ इथली कबुलायतदार गावकरांची, म्हणजे गावाच्या सामाईक हक्काची, जमीन हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तिथे एकट्या माणसाकडून जमीन घेण्याच्या भानगडीत पडू नये, इतकेच इथे सांगतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला जिल्हाधिकाऱ्यांच्या व शासनाच्या मान्यतेशिवाय घेता येत नाही. ती मान्यता ‘नंतर बघू’ म्हणण्याची गोष्ट नाही.

घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो, हे बहुतेकांना माहीत असते. महाराष्ट्रात कुठेही स्वतःच्या नावाचा सातबारा असला की झाले. तो नसेल तर वडिलोपार्जित शेतीत वारस म्हणून नाव लागते का, हे पाहावे. अनेक शहरी घरांत ते लागू शकते आणि कुणी पाठपुरावा केलेला नसतो. एजंट ‘दाखला करून देतो’ म्हणाला तर तिथून उठावे. खोट्या शेतकरी दाखल्यावर घेतलेली जमीन कूळकायद्याच्या कलम ८४क खाली शासनजमा होते, मग ती दहा वर्षे सांभाळलेली असो. ज्याच्याकडे शेतीच नाही, त्याने सरळ बिनशेती भूखंड घ्यावा किंवा गावठाणातले घर पाहावे.

लहान तुकड्यांचे आकर्षण समजण्यासारखे आहे. पाच गुंठे, दहा गुंठे, त्यात छोटे घर, मागे चार माड. पण तुकडेबंदीमुळे जिरायतीत सुमारे वीस आणि बागायतीत सुमारे दहा गुंठ्यांखालचा शेतजमिनीचा तुकडा पाडून विकता येत नाही. या नियमात अलीकडे सवलती येत आहेत, म्हणून व्यवहाराच्या महिन्यात जो नियम असेल तो वकिलाकडून लिहून घ्यावा. यावर काढलेली पळवाट अशी की वीस गुंठे आठ-दहा अनोळखी लोकांच्या नावावर एकत्र खरेदी करायचे आणि हाताने काढलेल्या नकाशावर प्लॉट दाखवायचे. सातबाऱ्यावर मग आठ-दहा नावे लागतात, हद्द एकही नाही. शहरातून सुटायला आलेला माणूस अशा रीतीने गावात स्वतःच एक नवी भावकी तयार करतो, आणि तिच्यात एकमेकांना ओळखणारे कुणीच नसते. शेतघराला तर साधारणपणे ०.४० हेक्टर, म्हणजे एकरभर, जमीन लागते.

मोजणीशिवाय पैसे पूर्ण देऊ नयेत. सातबाऱ्यावरचे क्षेत्र आणि जागेवरचे क्षेत्र यांत फरक निघणे ही कोकणात नेहमीची गोष्ट आहे. डोंगरउताराची जमीन, शंभर वर्षांपूर्वीची मोजणी, वाहून गेलेले बांध, सरकलेले गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणे. कुठे गट नंबर असतो, कुठे अजून सर्व्हे आणि हिस्सा नंबर, आणि हिस्स्यांची फाळणी कागदावर एक तर जागेवर दुसरीच. साठेखतातच, म्हणजे खरेदीआधीच्या करारातच, लिहावे की मोजणीच्या अधिकृत नकाशावर, क प्रतीवर, जितके क्षेत्र येईल तितक्याचेच पैसे. मोजणीचा अर्ज जमीन विकणाऱ्याच्या नावाने भूमी अभिलेख कार्यालयात ऑनलाइन करायचा आणि तारीख पावसाळा सोडून घ्यायची. भिजलेल्या रानात खुणा सापडत नाहीत. मोजणीच्या दिवशी लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. ते यावेत म्हणून आदल्या दिवशी स्वतः घरोघरी जाऊन सांगावे. सगळ्यांच्या समोर दगड रोवला गेला की तो टिकतो. शेजारी आला नाही आणि हद्द त्याच्या काजूच्या पलीकडे गेली, तर पुढच्या पावसात तो दगड पऱ्यात सापडेल. मोजणी मान्य नसेल तर निमताना मोजणीचा, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणीचा, मार्ग दोघांनाही खुला असतो. त्याला वेळ लागतो, पण ती लवकर झालेली बरी.

मग वाट. माझ्या मते बाहेरच्या माणसाचे सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. वाडीतून जमिनीकडे जाणारी पाखाडी दगडी पायऱ्यांची, तीन फूट रुंद. तिच्यावरून शंभर वर्षे माणसे, गुरे, पालखी गेली, गाडी कधीच गेली नाही. एजंट सांगतो, ‘पाखाडी आहे, रुंद करून घेऊ.’ रुंद करायला दोन्ही बाजूंच्या गडग्यामागची जमीन लागते आणि तिचे मालक कोण, तर पुन्हा ते छत्तीसजण. गावनकाशावर गाडीवाट आणि पायवाट वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेल्या असतात. ती रेषा आपल्या हद्दीला खरोखर टेकते का, हे पाहावे. टेकत नसेल तर शेजाऱ्याकडून वाटेचा हक्क विकत घ्यावा आणि तो रुंदी, लांबी व नकाशासह नोंदणीकृत दस्त म्हणून करावा. नोटरीपुढचे संमतीपत्र ज्याने सही केली त्याच्या मायेपुरते टिकते, त्याच्या मुलापुढे त्याचे चालत नाही. बांधावरून वाट मिळण्यासाठी महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय कायदाही आहे. पण गावात पहिल्याच वर्षी अर्जदार होणे वाईटच. थोडे जास्त पैसे गेले तरी वाट आधी आणि जमीन नंतर, असाच क्रम ठेवावा.

नोंदणीचे काम तुलनेने सरळ. वकिलाकडून तीस वर्षांच्या दस्तांचा शोध (सर्च), स्थानिक दैनिकात जाहीर नोटीस, मुद्रांक शुल्क रेडी रेकनर (सरकारी दर) किंवा प्रत्यक्ष किंमत यांतले जे जास्त त्यावर, नोंदणी फी एक टक्का आणि कमाल तीस हजार. खरेदीखतानंतर फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटिसा जातात, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर आपले नाव आलेले पाहिल्याशिवाय झाडसुद्धा लावू नये. जुने घर घेत असाल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे घरपट्टीचा उतारा. तो मालकीचा कागद नाही. घराखालची जमीन कुणाची, हे वेगळे तपासावे लागते.

घर कुठे बांधायचे, हे जुन्या घरांकडे पाहून ठरवावे. दृश्य दिसावे म्हणून उतार खोदून सपाटी करण्याची घाई फार होते. डोंगराच्या पोटात वीस फुटांची उभी कापणी केली की माथ्यावरून झिरपणारे पाणी तिथे उघडे पडते आणि तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात दरड सुटते. माळीण २०१४, तळीये २०२१, इर्शाळवाडी २०२३: या तिन्ही दुर्घटना जुलैतल्या आहेत. प्रत्येकीची कारणे वेगळी असतील, पण मुसळधार पावसात भिजलेल्या उताराचे वजन काय असते, हे त्या तिन्ही नावांनी सांगितले आहे. घराच्या वरच्या बाजूला, उतार न कापता, पाणी वळवणारा चर काढावा आणि तो मोकळ्या कातळावर सोडावा, शेजाऱ्याच्या खाचरात नाही. वरच्या उतारावरची झाडे वाकडी, धनुष्यासारखी दिसली तर माती हळूहळू सरकते आहे असे समजावे.

चिऱ्याचे घर छान दिसते आणि गारही राहते, पण बंद ठेवले की ते आजारी पडते. जून ते सप्टेंबर दारे लावली तर गाद्यांना बुरशी, चौकटींना वाळवी, कपाटात भुंगे. जुन्या घरांत तुळया काळ्या पडलेल्या दिसतात ती धुराची काजळी. रोज पेटणाऱ्या चुलीने किडे दूर ठेवले होते. म्हणून वर्षातून तीनदा येणार असाल तर घर लहान बांधा, लाकूड कमी वापरा आणि वाडीतल्या कुणाला आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडायला, चूल पेटवायला सांगा. त्याचे पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. ‘आलो की बघू’ असे म्हणून माणूस बांधून ठेवू नये.

बागेचे गणित एजंटच्या वहीत नेहमी फायद्याचे असते. हापूसची कलमे दहा बाय दहा मीटरवर, म्हणजे एकरी चाळीस. काजू सात बाय सातवर, एकरी ऐंशीच्या घरात. कातळावर हापूस लावता येतो, पण मीटरभर खोल खड्डे फोडून बाहेरून आणलेली माती भरावी लागते आणि पहिले तीन उन्हाळे पाणी घालावे लागते. फळ पाचव्या-सहाव्या वर्षी दिसते, पैसे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. तेही एक वर्ष आड. काजू सोशिक आहे, वेंगुर्ल्याच्या जाती भरवशाच्या आहेत. दोघांचाही खरा शत्रू वणवा. डिसेंबरात सड्यावरचे गवत वाळते, फेब्रुवारी ते एप्रिल कुठून तरी ठिणगी येते आणि पाच वर्षांची कलमे एका दुपारी जातात. जानेवारीच्या आत, सकाळचे दव असताना, हद्दीच्या आतून दहा-बारा फूट रुंदीची जाळरेषा, म्हणजे गवत जाळून मोकळा केलेला पट्टा, काढावी. हे काम एकट्याने होत नाही, शेजाऱ्यांना सांगून, त्यांना सोबत घेऊनच करायचे असते. रानडुकरे आणि वानरे यांना कागदावरची हद्द कळत नाही. भुईमूग, कणगर, केळी लावायची स्वप्ने पहिल्या हंगामातच नीट तपासली जातात.

जमिनीबरोबर गावकीही येते. शिमग्याला पालखी घरोघर फिरते, त्यासाठी वर्गणी असते. देवळाच्या दुरुस्तीला वर्गणी असते. वाडीत मयत झाले तर त्या दिवशी कुदळ घेऊन जायचे असते. नव्या माणसाने यात मान मागू नये, तो कुणाचा हे पिढ्यांनी ठरवलेले असते. पण वर्गणी वेळेवर द्यावी आणि पालखी आपल्या दारात येते का, एवढे नम्रपणे विचारावे. ती आली की त्या वाडीत तुमचे घर कुठले, हे सांगायला सातबारा लागत नाही.

सर्वांत नाजूक काम कुंपणाचे. खरेदी झाल्याबरोबर सिमेंटचे खांब आणि काटेरी तार ओढायची रीत पडली आहे आणि बहुतेक वैरे त्या तारेपासून सुरू होतात. आधी एक पूर्ण वर्ष जाऊ द्यावे. पावसाळ्यात गुरे कुठून जातात, मेमध्ये बाया पाण्याला कुठून जातात, गणपती विसर्जनाला कुठल्या वाटेने जातो, हे पाहावे. मग जांभ्याच्या चिऱ्यांचा कोरडा गडगा रचावा, कमरेएवढा, मधून पाणी जायला फटी ठेवून. त्यात जिथे पाणवठ्याची पायवाट येते तिथे कुलपाचे फाटक नको. दोन्ही बाजूंना भोके पाडलेले दोन खांब, त्यांत आडवे सरकवलेले तीन बांबू. याला इथे बेडे म्हणतात. बांबू एका बाजूला ओढले की डोक्यावर हंडा असलेली बाई सहज पार होते, आणि पलीकडे गेल्यावर ती ते पुन्हा सरकवून ठेवते, म्हणजे गुरे कलमांत शिरत नाहीत.